व्हार्निशआधी भट्टी हवीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या जिल्हा पानावर शेतीपंपांच्या मोटारी जळाल्याच्या बातम्या येऊ लागतात. कारणं ठरलेली असतात: व्होल्टेज कमी, एक फेज गेला, डीपीवर भार जास्त. ही सगळी कारणं खरी आहेत. पण रिवाइंडिंग करून, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी भरून, परत विहिरीवर नेलेली मोटार पंधरवड्यात पुन्हा का जळते, याबद्दल कुणी लिहीत नाही. त्याचं एक कारण मला रोज हाताखाली दिसतं, म्हणून हे पत्र. वायंडिंग करताना, म्हणजे तार गुंडाळून मोटारीत भरताना, तांब्याच्या तारेवरच्या इनॅमलला (वीज अडवणाऱ्या पातळ थराला) डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. त्या भट्टीच्या उष्णतेनं बऱ्याच अंशी बुजतात. आणि नेमकं हेच काम घाईत गाळलं जातं.

मी तासगाव तालुक्यात भावाबरोबर मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवते. त्याआधी बरीच वर्षं चिंचवडला एका मोटार कारखान्यात वायंडिंग विभागात होते. आमच्या विभागात बहुतेक बायकाच होत्या. फॉर्म्यावर कॉइल घ्यायच्या, स्लॉटमध्ये (लोखंडाच्या खाचेत) पेपर सारायचा, तार भरायची, वरून पाचर मारायची, जोडांवर स्लीव्ह चढवायची आणि दोन्ही तोंडं दोऱ्यानं आवळून बांधायची. बांधून झालेला स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, तार भरलेला भाग) तिथं कधीच सरळ व्हार्निशच्या टाकीत गेला नाही. आधी ओव्हन, मग थंड होणं, मग व्हार्निश, मग पुन्हा ओव्हन. नवीन मुलगी विचारायची की कोरडा स्टेटर भट्टीत कशाला, ओलावा तर नाही त्यात. सुपरवायझर सांगायचे, "तार ताणलेली आहे, तिला आधी सैल होऊ दे." गावाकडं आल्यावर बघितलं तर पहिला ओव्हन कुणाच्याच कामात नव्हता. तार भरली, बांधली, वरून लाल व्हार्निश ओतलं, उन्हात ठेवलं, संध्याकाळी मोटार ट्रॉलीत.

आता हे ताणणं म्हणजे काय ते सांगते. २२ गेजची तार ०.७१ मिलिमीटरची असते. तिच्यावरचा इनॅमलचा थर एका बाजूनं तीनएक शतांश मिलिमीटर. तो एकदम चढवलेला नसतो. कारखान्यात तार पातळ रेझिनमधून जाते, भट्टीत भाजली जाते, परत रेझिन, परत भट्टी, असे अनेक पातळ थर एकावर एक बसतात. आम्ही ज्याला ड्युअल कोट म्हणतो त्या तारेत खाली पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-इमाइड असतं आणि वरून पॉलिअमाइड-इमाइडचा कडक थर. रिळावर असताना हा थर उत्तम असतो. पण हीच तार ५ मिलिमीटर जाडीच्या दांडीभोवती वळवली तर वळणाच्या बाहेरची बाजू सुमारे १२ टक्के ताणली जाते. स्लॉटच्या तोंडाशी, कॉइलच्या कोपऱ्यावर आणि बांधणी आवळताना तारेची वळणं अशीच होतात. तांबं वळलं की वळलेलंच राहतं. त्यावरचं इनॅमल मात्र आतून ओढल्यासारखं, ताणाखाली तसंच अडकून पडतं.

एवढ्यानं अजून काही बिघडलेलं नसतं. बिघडतं पुढच्या पायरीला. अशा ताणलेल्या इनॅमलला थिनर, स्पिरिट किंवा तसलं द्रावण लागलं की ते इनॅमलच्या लांब साखळीसारख्या रेणूंमध्ये, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये शिरतं, त्यांची पकड सैल करतं, आणि अडकलेला ताण वाट काढतो. थरावर आडव्या, केसाहून कितीतरी बारीक चिरा उमटतात. काही इनॅमलना नुसत्या पाण्यानं, दमट हवेनंही हे होतं. म्हणजे जे व्हार्निश आपण मोटारीच्या रक्षणासाठी ओततो, त्यातलाच थिनर न भाजलेल्या वायंडिंगला इजा करतो. माझ्या धंद्यातल्या भावांना ही गोष्ट पटायला जड जाते, कारण वरून व्हार्निशचा तुकतुकीत थर बसलेला असतो आणि सगळं झाकून जातं. व्हार्निश चिरांमध्ये शिरून त्या भरून काढतं असंही काहीजण म्हणतात. काही चिरा भरतातही. पण कॉइलच्या पोटात, जिथं तारा एकमेकींना घट्ट चिकटून असतात, तिथं व्हार्निश पूर्ण पोचेल याची खात्री कोण देणार? आणि नेमकं तिथंच तारेला तार टेकलेली असते.

या चिरा पूर्ण फाटलेल्या नसतात, ही त्यातली जमेची बाजू. माझी भाची पुण्यात पॉलिमरचं शिकते. तिनं मला सांगितलं की अशा चिरेच्या दोन काठांमध्ये त्याच पदार्थाचे अतिसूक्ष्म तंतू ताणलेले असतात, पूर्ण पोकळी नसते. उष्णता मिळाली की साखळ्यांना हालचालीला मोकळीक मिळते, तंतू आखडतात, काठ जवळ येतात आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या जिथं जमेल तिथं पुन्हा एकमेकींत अडकतात. लांब साखळ्यांच्या गर्दीत एक साखळी कशी सरपटत पुढं सरकते, याचं गणित फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पुढं १९८० च्या दशकात पॉलिमरमधल्या भेगा उष्णतेनं कशा भरतात याचे सिद्धांत याच विचारावर उभे राहिले. आपल्या तारेवरचं इनॅमल भाजून घट्ट जोडलेलं असतं, साध्या प्लास्टिकसारखं वितळत नाही, त्यामुळं तिथं साखळ्यांना मोकळीक कमी. तरी ताण उतरतो आणि बारीक चिरा मिटतात, आणि मोटारीला तेवढंच हवं असतं.

यात नवीन काही नाही. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पॉलिव्हिनिल फॉर्मलचं इनॅमल आलं, जुने वायंडर त्याला फॉर्मव्हार म्हणतात. त्या तारेबद्दल उत्पादक सांगत आले आहेत की वायंडिंगनंतर, व्हार्निशआधी तापवा, नाहीतर थर तडकेल. तारेची परीक्षा घेणारं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०८५१. त्यात इनॅमलमधली छिद्रं शोधायची चाचणी आहे. तिथंसुद्धा तारेचा नमुना आधी १२५ अंशांवर १० मिनिटं तापवून, मग थंड करून पाण्यात सोडतात. म्हणजे ज्यांनी तार नाकारायची की स्वीकारायची हे ठरवलं, त्यांनीही हाताळणीनं पडलेल्या चिरांना आधी मिटायची संधी दिली. आपण मात्र आपल्या मोटारीतल्या तारेला ती देत नाही.

ही चाचणी आमच्या दुकानात मी साध्या सामानानं करून दाखवते. काचेची बरणी, एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मीठ, शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतं ते फिनॉल्फ्थॅलीन स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे थोडे थेंब, आणि १२ व्होल्टची बॅटरी. तारेचं एक टोक खरवडून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडायचं, पॉझिटिव्हला स्टीलची सळई. तारेचा मधला भाग पाण्यात, दोन्ही टोकं पाण्याबाहेर. जिथं इनॅमलला चीर असेल तिथून करंट पाण्यात उतरतो आणि तिथंच गुलाबी रेघ उठते.

एकाच रिळाचे तुकडे घ्यायचे. पहिला तसाच कोरा. दुसरा थोडा ताणून, पेन्सिलीभोवती गुंडाळून, थिनरमध्ये बुडवून वाळवलेला. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण नंतर १३० अंशांवर तासभर भाजलेला. चौथा ताणून गुंडाळलेला, आधी भाजलेला आणि मग थिनरमध्ये बुडवलेला. पाचव्याला ब्लेडनं बारीक खाच पाडून भाजलेला. कोऱ्या तुकड्यावर काही दिसत नाही. दुसऱ्याच्या वळणावळणावरून गुलाबी धागे सुटतात, बघणारी पोरं पुढं सरकतात. तिसऱ्यावर कुठंतरी एखादा ठिपका उरतो. चौथा जवळजवळ पहिल्यासारखाच स्वच्छ. पाचवा किती वेळ भाजला तरी खाचेतून गुलाबी धूर सोडतच राहतो. मला जे सांगायचं आहे ते सगळं या पाच तुकड्यांत आहे: भाजल्यानं काय मिटतं, काय मिटत नाही, आणि आधी भाजणं नंतर भाजण्यापेक्षा का बरं.

पाचव्या तुकड्यावर मी मुद्दाम थांबते, कारण भट्टी म्हटलं की सगळ्या चुका तिच्यावर टाकायची सवय लागू शकते. स्लॉटच्या धारेवर सोललेली तार, हातोडीनं ठोकून चपटी झालेली तार, पेपर सरकल्यानं लोखंडाला घासलेली तार, ही भट्टीनं दुरुस्त होत नाही. तिथं तांबं उघडं पडलेलं असतं, भरून यायला पदार्थच उरलेला नसतो. ती कॉइल काढायची आणि नवी भरायची. जुनं, वर्षानुवर्षं तापून काळं पडलेलं इनॅमलही भट्टीत टाकून तरुण होत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही मेगर लावतो, आकडा चांगला येतो, मग चिरा कुठल्या? मेगर वायंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजतो. फेज सुटे करून लावला तर फेज-फेजमधलाही मोजतो. पण एकाच कॉइलमधल्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमध्ये काय चाललंय ते मेगरला कधीच कळत नाही, कारण ते दोन्ही वेढे एकाच तारेचे. एका वेढ्याची चीर दुसऱ्याच्या चिरेसमोर आली, त्यात विहिरीवरचा दमटपणा शिरला, की स्टार्टर दाबताना किंवा लाईट झटक्यानं आल्यावर तिथं ठिणगी पडते. टर्न शॉर्ट होतो, म्हणजे ते दोन वेढे आपसांत जोडले जातात. त्या बंद वेढ्यात करंट फिरत राहतो, तो वेढा तापतो, शेजारच्यांना जाळतो, आणि आमच्याकडं येते ती एकाच ठिकाणी कोळसा झालेली मोटार. बाकीचं वायंडिंग चांगलं सोनेरी. असा स्टेटर दिसला की फक्त व्होल्टेजला दोष देऊन मी पुढं जात नाही. व्होल्टेज कमी असेल किंवा फेज गेला असेल तर सहसा अख्खे फेज काळे पडतात, एवढीशी जागा नाही.

आता करायचं कसं ते. वायंडिंग बांधून, जोड सोल्डर करून स्टेटर भट्टीत ठेवायचा. वायंडिंगचं तापमान १२५ ते १४० अंशांवर पोचल्यानंतर तास-दीड तास तिथंच धरायचं. भट्टीची हवा तापली म्हणजे स्टेटर तापला असं होत नाही. ५ एचपीच्या लोखंडाला आतपर्यंत गरम व्हायला वेळ लागतो. हे ओळखायची सोपी युक्ती तारेतच आहे. थंड असताना फेजचा रोध मोजून ठेवा. तांब्याचा रोध २५ अंशांवरून १३० अंशांवर गेला की ४० टक्क्यांनी वाढतो. २ ओहम असेल तर २.८ ओहम दिसला की समजायचं, वायंडिंग १३० ला पोचलं. १४० च्या वर जायची गरज नाही. आपल्याकडं स्लॉटमध्ये लॅदरॉइड पेपर घालतात, तो जास्त भाजला की कडक होऊन तुटतो. पीव्हीसीची स्लीव्ह भट्टीत मऊ पडते, म्हणून काचेच्या धाग्याचीच घाला. त्यात चार पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

मग स्टेटर ५०-६० अंशांपर्यंत उतरू द्यायचा आणि तेव्हा व्हार्निश. कोमट स्टेटरमध्ये ते आतवर मुरतं. भट्टीतून काढल्या काढल्या ओतायचं नाही. थिनरची वाफ भप्पकन उठते आणि आग लागते. व्हार्निश पूर्ण निथळून ठिपकणं थांबल्यावरच दुसऱ्यांदा भट्टी, डब्यावर लिहिलेल्या तापमानाला आणि वेळेला, आणि भट्टीला वाफ बाहेर जायला वाट असलीच पाहिजे. हे मी कळकळीनं सांगते, कारण बंद पेटीत थिनरची वाफ कोंडून स्फोट झालेले आहेत.

भट्टी म्हणजे लाखोंचं यंत्र नव्हे. आमची भट्टी जुन्या लोखंडी कपाटाची आहे. आतून काचलोकर आणि पत्रा, खाली हिटर, वर थर्मोस्टॅट. ३ किलोवॉटचा हिटर सलग ४ तास चालला तरी १२ युनिट वीज. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद करतो, म्हणजे त्याहून कमीच. एवढ्या विजेसाठी शेतकऱ्याचा रिवाइंडिंगचा सगळा खर्च धोक्यात घालावा का? ज्यांना भट्टी परवडत नाही त्यांच्यासाठी एक मार्ग मला सुचतो. कुपवाड, पलूसच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले आहेत. त्यांच्या भट्ट्या दिवसभर १८०-२०० अंशांवर चालतात आणि संध्याकाळी नुसत्या थंड होत बसतात. १४० च्या खाली आल्यावर तेवढ्यावरच चालू ठेवल्या तर त्यात आठ-दहा स्टेटर सहज बसतील. दुकानदारांनी मिळून भाडं ठरवावं. फक्त पहिली भाजणी तिथं करावी, व्हार्निश लावलेला ओला स्टेटर तिथं नेऊ नये. आयटीआयच्या कार्यशाळांमध्ये जिथं भट्टी आहे, तिथंही संध्याकाळी गावातल्या वायंडरला जागा द्यावी. मुलांनाही प्रत्यक्ष काम बघायला मिळेल.

एक ताकीद मात्र मोठ्या अक्षरात छापावी अशी विनंती आहे. बोअरमधल्या पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीला हे अजिबात करू नये. तिच्या तारेवर इनॅमल नसतं, पीव्हीसी असतं किंवा पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बऱ्याच आधी आकसतं. अशी मोटार भट्टीत घातली तर सगळी तार फुकट. तिच्या तारेला चीर गेली तर तार बदलणं हाच उपाय. मी सांगते आहे ते मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र असलेल्या) आणि इनॅमल तारेच्या मोटारींसाठी.

शेतकऱ्यांना मी बोल लावत नाही. माझ्या दारात माणूस उभा असतो तो म्हणतो, "ताई, आजच्या आज बसवायची हाय, खोडवा वाळाय लागलाय, रातच्याला लाईट हाय." त्याचं खरं असतं. पाण्याची पाळी चुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नाही. पण घाईत नेलेली मोटार पंधरवड्यानं परत आली तर दोन पाळ्या जातात आणि पैसे पुन्हा मोजावे लागतात. आम्ही त्यासाठी दुकानात ५ एचपीची बदली मोटार ठेवली आहे. आपली मोटार भट्टीत असेपर्यंत ती घेऊन जा म्हणतो. जिथं तीन-चार दुकानं आहेत तिथं सगळ्यांनी मिळून अशी एक-दोन मोटार ठेवली तर कुणालाच घाई करावी लागणार नाही.

आणि बिल घेताना एवढं विचारा: व्हार्निशआधी भाजली का, किती अंशांवर, किती वेळ? उत्तर बिलावर लिहून घ्या. मेगरचा आकडाही लिहून घ्या, आणि तो गरम असताना घेतला की थंड झाल्यावर, तेही. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा आकडा साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळं भट्टीतून काढलेल्या स्टेटरचा कमी आकडा बघून घाबरू नका आणि दुकानदाराशी भांडू नका. घरच्या तापमानाला आल्यावर पुन्हा मोजायला सांगा.

तालुक्यातल्या वायंडर भावांना आणि आयटीआयच्या मुलांना बरणीतला प्रयोग बघायचा असेल तर आमच्या दुकानात यावं. येताना स्वतःच्या रिळाची हातभर तार घेऊन यावी, म्हणजे तुमच्याच तारेवर करून दाखवता येईल. दुपारी तीननंतर यावं, सकाळी मोटारी उतरवायची गर्दी असते.

कळावे,
एक मोटार वायंडर,
तासगाव, जि. सांगली